यादीत दिसते, शोधल्यावर सापडत नाही: प्रायमरी कीमधील अदृश्य कॅरॅक्टरचा माग

एका पतसंस्थेच्या संगणक विभागात काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सभासदांच्या खात्यांचे सुमारे साडेचार लाख नोंदींचे टेबल त्यांनी नुकतेच मायएसक्यूएल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणले. खाते क्रमांक हीच त्या टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) असून तो सहा अंकी, परंतु मजकूर म्हणून साठवलेला आहे. स्थलांतरानंतर अनेक खाती यादीत दिसतात, मात्र तोच क्रमांक टाइप करून शोध घेतला की ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारे फंक्शन) लावून शोधल्यावर बहुतेक खाती सापडू लागली, पण ११ खाती तरीही हाती लागत नाहीत. गावांच्या नावांचे आणखी एक टेबल आहे, त्याची की म्हणजे गावाचे मराठी नावच, आणि त्यात ‘चऱ्होली’ दोनदा दिसते. विचित्र किंवा न दिसणारी कॅरॅक्टर असलेल्या सगळ्या नोंदी एका क्वेरीत कशा काढाव्यात, असे त्यांनी विचारले आहे.

क्वेरी एका ओळीची आहे आणि ती खाली देतो. पण तुमच्या प्रश्नात ‘विचित्र’ हा शब्द आहे आणि खरी अडचण त्या शब्दात आहे. खाते क्रमांकात काय असायला हवे हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे: सहा इंग्रजी अंक (0 ते 9), बाकी काही नाही. तेव्हा तिथे वाईट कॅरॅक्टरची यादी करत बसण्याचे कारण नाही. जे चालते ते सांगावे आणि त्याबाहेरचे सगळे मागवावे. गावांच्या टेबलात मात्र न दिसणारे कॅरॅक्टर कधी कधी कायदेशीर असते, किंबहुना ते काढले तर शब्दच बिघडतो. ही दोन टेबले म्हणजे दोन वेगळी कामे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये.

पुढे जे लिहितो आहे त्यातला काही भाग तुमचा डेटाबेस, त्याची आवृत्ती, कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) आणि एन्कोडिंग (कॅरॅक्टर बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यांवर अवलंबून आहे. तुमचे पोस्टग्रेस यूटीएफ-८ मध्ये आहे असे मी धरून चाललो आहे. फंक्शनांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत, ती टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करावी लागतील.

आधी हे समजून घेऊ, की स्थलांतराच्या दिवसापर्यंत सगळे सुरळीत चालले होते ते कशामुळे. मायएसक्यूएलच्या जुन्या कोलेशनांत तुलना करताना शेवटच्या स्पेस मोजल्याच जात नाहीत. क्रमांकामागे एक स्पेस असलेली की आणि स्पेस नसलेली की या दोन्ही त्याच्या दृष्टीने एकच. (८.० आवृत्तीत डिफॉल्ट झालेल्या नव्या कोलेशनमध्ये हे बदलले आहे, त्यामुळे तुमचे टेबल जुन्या कोलेशनवर होते असा माझा अंदाज आहे.) पोस्टग्रेसमध्ये साधी टेक्स्ट तुलना बाइटला बाइट लावून होते, तिथे एक जास्तीची स्पेस म्हणजे वेगळी की. म्हणजे कचरा पूर्वीही होता, जुना डेटाबेस तो पोटात घालत होता आणि नव्याने तो समोर ठेवला. स्थलांतरात डेटा खराब झाला, असे कोणी म्हणत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

ट्रिमने बरीच खाती सापडली ती याचसाठी. आता उरलेली ११ खाती. ट्रिम हे फंक्शन पोस्टग्रेसमध्ये, मायएसक्यूएलमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हरमध्येही, वेगळे काही सांगितले नाही तर फक्त ३२ क्रमांकाची साधी स्पेस काढते. टॅब काढत नाही, ओळ संपल्याची खूण काढत नाही, आणि वेब पानावरून कॉपी केलेल्या मजकुरातून हमखास येणारी न तुटणारी स्पेस तर नाहीच काढत. एक्सेलचे ट्रिमही तसेच, आणि एक्सेलचे क्लीन हे फंक्शन ० ते ३१ क्रमांकांची नियंत्रण-कॅरॅक्टर काढून थांबते. न तुटणाऱ्या स्पेसचा क्रमांक १६० असल्याने ती दोघांच्याही हातून निसटते. ‘आम्ही एक्सेलमध्ये साफ करून घेतले होते’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते ऐकले की मी आधी १६० शोधतो.

या कामात डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे मी एका डागावरून शिकलो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मी एका औषध वितरकाच्या साठा-नोंदणीचे काम पाहत होतो. तो डेटाबेस पिक नावाच्या जुन्या डेटाबेस परंपरेतला होता. त्यात नोंदीची की म्हणजे जवळजवळ कोणताही मजकूर चालतो आणि ती तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्राम लिहिणाऱ्याची. एका औषधाचा कोड टर्मिनलवर ४१६ असा स्वच्छ दिसायचा, पण ४१६ मागितला की नोंद नाही. दोन दिवस आम्ही इंडेक्सला दोष देत होतो. मग कोणीतरी ती यादी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढली आणि त्या एका ओळीत ४ आणि १ च्या पुढे काळपट डाग उमटलेला दिसला. भिंग लावून पाहिले तर तो डाग म्हणजे ५ वर छापलेला ६ होता. टाइप करणाऱ्याने ४१५ लिहिले, चूक लक्षात आल्यावर बॅकस्पेस दाबले आणि ६ लिहिला. त्या विशिष्ट टर्मिनलच्या सेटिंगमुळे बॅकस्पेस हे पुसण्याचे काम न करता स्वतःच ८ क्रमांकाचे कॅरॅक्टर म्हणून कीमध्ये जाऊन बसले. पडद्यावर ५ उमटायचा, कर्सर एक घर मागे यायचा आणि त्यावर ६ उमटायचा, तोही इतक्या झटपट की डोळ्याला ४१६ च दिसे. प्रिंटरचे मस्तक मात्र खरोखर मागे जाऊन पुन्हा छापत होते. कीमध्ये तीन नव्हे, पाच कॅरॅक्टर होती.

त्या डेटाबेसमध्ये छापता न येणाऱ्या प्रत्येक कॅरॅक्टरच्या जागी टिंब ठेवणारे एक तयार रूपांतर होते. आम्ही प्रत्येक की त्या रूपांतरातून काढली आणि जिथे मूळ की आणि रूपांतरित की वेगळी निघाली, त्या नोंदी बाजूला काढल्या. कीची तुलना तिच्याच स्वच्छ प्रतीशी करायची, ही युक्ती आजही कोणत्याही डेटाबेसमध्ये चालते आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचे पॅटर्न) न येणाऱ्या सहकाऱ्यालाही समजते.

आता तुमच्या टेबलाकडे येऊ. पहिली चाचणी लांबीची. कॅरॅक्टर_लेंग्थ आणि ऑक्टेट_लेंग्थ ही दोन फंक्शने शेजारी शेजारी चालवा. पहिले कॅरॅक्टर मोजते, दुसरे बाइट. निकोप खाते क्रमांकात दोन्ही आकडे ६ येतील. मागे टॅब किंवा कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची १३ क्रमांकाची खूण) चिकटले असेल तर ७ आणि ७. न तुटणारी स्पेस असेल तर ७ आणि ८, कारण यूटीएफ-८ मध्ये ती दोन बाइट घेते. शून्य रुंदीची स्पेस असेल किंवा फाइलच्या आरंभी बसणारी बीओएम ही खूण असेल तर ७ आणि ९, कारण ती दोन्ही तीन-तीन बाइटची. तीन-चार हजारांच्या यादीतही हे दोन आकडे पाहून अनुभवी माणूस रोग ओळखतो. (एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांनी लेन या फंक्शनवर विसंबू नये, ते शेवटच्या स्पेस मोजत नाही, डेटालेंग्थ वापरावे.)

परंतु लांबीची चाचणी पुरेशी नाही. शून्याच्या जागी रोमन ओ अक्षर टाइप झाले असेल तर दोन्ही लांब्या ६ च येतात. सहापैकी एक अंक मराठी कीबोर्डवरून देवनागरीत आला असेल तर कॅरॅक्टर ६ च राहतात, बाइट मात्र ८ होतात. केवळ कॅरॅक्टर मोजणारा तिथे फसतो. म्हणून दुसरी चाचणी, म्हणजेच तुम्ही मागितलेली एका ओळीची क्वेरी: पोस्टग्रेसमध्ये व्हेअरच्या पुढे कॉलमचे नाव, मग टिल्ड हे जुळणीचे चिन्ह, आणि मग हा पॅटर्न:

'[^ -~]'

चौकटी कंसात टोपीचिन्ह, त्यानंतर एक स्पेस, उणे चिन्ह आणि टिल्ड. आस्कीच्या तक्त्यात छापता येणारी कॅरॅक्टर ३२ ते १२६ अशी ९५ आहेत. त्यांची सुरुवात स्पेसने होते आणि शेवट टिल्डने. त्या पट्ट्याबाहेरचे एक जरी कॅरॅक्टर कुठेही असेल तर ती नोंद बाहेर येते. साध्या रोमन की असलेल्या कोणत्याही टेबलावर मी पहिल्यांदा हेच चालवतो. तुमच्या खाते क्रमांकांसाठी मात्र याहून कडक पॅटर्न हवा, कारण यातून स्पेस आणि ओ अक्षर दोन्ही सुखरूप निसटतात. त्याच कंसात टोपीचिन्हापुढे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ (0-9) हा पट्टा लिहा; मग अंक नसलेले काहीही असले तरी सापडेल.

पॅटर्न असा उलटा, म्हणजे ‘याबाहेरचे काहीही’ या रूपात लिहिण्याचा माझा आग्रह आहे आणि त्याला कारण आहे. अनेक जण टोपीपासून डॉलरपर्यंत, ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अंक’ असा पॅटर्न लिहितात आणि जे जुळत नाही ते मागवतात. पोस्टग्रेसमध्ये ते बरोबर चालते. पण पायथॉन, पर्ल, पीएचपी यांत डॉलर हे चिन्ह मजकुराच्या अगदी शेवटी जुळते, तसेच शेवटच्या ओळ-खुणेच्या आधीही जुळते. परिणामी ज्या कीच्या शेवटी नवी ओळ चिकटली आहे, तीच नेमकी ‘निकोप’ ठरते, आणि अशाच की सर्वांत जास्त असतात. पायथॉनमध्ये फुलमॅच वापरले तर हा धोका टळतो. पायथॉनचा दुसरा सापळा आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा आहे: तिथे उलटी तिरकी रेघ आणि डी हा ‘कोणताही अंक’ सांगणारा संकेत साध्या मजकुरावर देवनागरी अंकांनाही मान्यता देतो, आणि पूर्णांकात रूपांतर करणारे इंट हे फंक्शनही देवनागरी १२३ बिनतक्रार वाचते. अर्जात मराठीत टाइप केलेला खाते क्रमांक तुमच्या पायथॉनच्या तपासणीतून पार होऊन टेबलात तसाच जाऊ शकतो, आणि मग इंग्रजी अंकांत शोधणाऱ्याला तो जन्मात सापडत नाही.

मायएसक्यूएलच्या ८.० मध्ये आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये हीच कल्पना चालते, फक्त तपशील बदलतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लाइकच्या पॅटर्नमध्ये हा कंस वापरता येतो, मात्र सोबत बायनरी कोलेशन सांगितलेच पाहिजे. अन्यथा ‘स्पेसपासून टिल्डपर्यंत’ याचा अर्थ भाषेच्या वर्गवारीनुसार लावला जातो आणि निकाल भलतेच येतात. पोस्टग्रेसमध्येही सी कोलेशन जोडायला काही खर्च येत नाही, जोडावे.

तिसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची आहे आणि ती क्वचितच कोणी करते: कॉलममधल्या सगळ्या कॅरॅक्टरची शिरगणती. रेजेक्सप_स्प्लिट_टू_टेबल या फंक्शनला रिकामा पॅटर्न दिला की ते प्रत्येक कीची कॅरॅक्टर सुटी करून एकेका ओळीत देते. त्यावर आस्की हे फंक्शन लावा; नाव आस्की असले तरी यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये ते यूनिकोड क्रमांक देते. मग त्या क्रमांकानुसार गट करून मोजा आणि कमी संख्येपासून जास्तीकडे लावा. साडेचार लाख नोंदींच्या सुमारे २७ लाख ओळी होतील, आजच्या यंत्राला ते फारसे ओझे नाही. निकालात ४८ ते ५७ हे अंकांचे दहा क्रमांक लाखांच्या संख्येने तळाशी बसलेले दिसतील आणि वरच्या पाच-सात ओळींत तुमचे सगळे पाहुणे असतील: ३२ इतक्या वेळा, १६० इतक्या वेळा, १३ इतक्या वेळा, ७९ एकदा. कोणते कॅरॅक्टर शोधायचे हे आधी ठरवण्याची गरज उरत नाही. टेबलात काय आहे ते टेबलच सांगते, आणि काय विचित्र आहे ते संख्येवरून कळते. ज्या टेबलाच्या कीचा नियम कोणालाच नीट आठवत नाही, उदाहरणार्थ वीस वर्षांत चार प्रोग्रामरांनी चार पद्धतींनी पाडलेले कोड, तिथे तर शिरगणतीखेरीज दुसरा मार्ग मला माहीत नाही.

संशयित नोंदी हाती आल्या की त्यांचे बाइट पाहा. कन्व्हर्ट_टू वापरून मजकुराचे यूटीएफ-८ बाइट करा आणि एन्कोडला हेक्स (प्रत्येक बाइट ० ते ९ आणि ए ते एफ यांतल्या दोन चिन्हांनी लिहिण्याची पद्धत) हा प्रकार सांगा. खाते क्रमांक ००४१७२ असेल तर निकोप की अशी दिसेल: ३० ३० ३४ ३१ ३७ ३२. प्रत्येक जोडीत ३ आणि त्यापुढे तो अंक, त्यामुळे ही भाषा पाच मिनिटांत डोळ्याला वळण पडून वाचता येते. पुढे सी२ ए० आले तर न तुटणारी स्पेस. ०डी आले तर कॅरेज रिटर्न. ०९ म्हणजे टॅब. सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ आले तर बीओएम. ई२ ८० ८बी म्हणजे शून्य रुंदीची स्पेस. मायएसक्यूएलमध्ये हे काम हेक्स हे फंक्शन करते आणि ओरॅकलमध्ये डम्प.

बाइट कळले, की कचरा कोणत्या दारातून आला तेही बहुतेक वेळा कळते, आणि मी दुरुस्तीआधी नेहमी दार शोधतो. ०डी असेल तर विंडोजवर तयार झालेली सीएसव्ही फाइल, जिच्या ओळी दोन खुणांनी संपतात, ती एकाच खुणेवर तोडून भरली गेली. तसे असेल तर की हा त्या फाइलमधला शेवटचा कॉलम असतो. बीओएम असेल तर ती त्या फाइलच्या पहिल्याच नोंदीत आणि पहिल्याच कॉलममध्ये मिळेल. सी२ ए० असेल तर वेब पान, किंवा वर्ड आणि ईमेलमधून चिकटवलेला मजकूर. बारकोड वाचणारे यंत्र प्रत्येक वाचनानंतर एंटर किंवा टॅब पाठवेल असे ठरवलेले असते, आणि जीएस१ प्रकारच्या बारकोडमधून २९ क्रमांकाचा विभाजकही येतो. औषधे आणि माल यांच्या टेबलांत तो सापडतो, पतसंस्थेत नाही. ई२ ८० ८ई हे डावीकडून-उजवीकडे दिशा सांगणारे चिन्ह असून विंडोजमधल्या प्रमाणपत्राच्या खिडकीतून प्रमाणपत्राची ओळख असलेला ‘थंबप्रिंट’ हा लांब हेक्स क्रमांक कॉपी करताना ते पुढे चिकटून येते. सर्व्हर सांभाळणाऱ्या किती जणांनी त्यापायी रात्र घालवली असेल, याची मोजदाद नाही.

तुमच्या ११ खात्यांबद्दल माझा तर्क असा: ती वेगवेगळ्या दिवशी उघडलेली असतील तर न तुटणारी स्पेस, आणि सगळी एकाच दिवशी फाइलमधून भरलेली असतील तर कॅरेज रिटर्न. खाते उघडल्याची तारीख शेजारी घेतली की याचा निकाल लागेल.

आता चऱ्होली. हे प्रकरण वेगळे आहे आणि मराठी डेटा सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा नीट समजून घ्यावे असे आहे. चऱ्होलीतला अर्धा र, ज्याला काही जण पापणीचा र म्हणतात, तो संगणकात किमान तीन प्रकारे लिहिला जातो. पहिला प्रकार (इथून पुढचे यूनिकोड क्रमांक हेक्समध्ये आहेत): ०९३१ क्रमांकाचा ऱ, त्यापुढे हलन्त, त्यापुढे ह. दुसरा: साधा र, हलन्त, मग २००डी क्रमांकाचा शून्य रुंदीचा जॉइनर, मग ह. तिसरा: साधा र, त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब), मग हलन्त आणि ह. चांगल्या फॉन्टमध्ये तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्या प्रकाराने चऱ्होली हे ७ कॅरॅक्टर आणि २१ बाइटचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराने ८ कॅरॅक्टर आणि २४ बाइटचे. म्हणजे लांबी पाहून पहिला वेगळा काढता येतो, उरलेल्या दोघांतला भेद लांबीवरून कळत नाही. बाइट पाहावे लागतात: ई२ ८० ८डी दिसले तर जॉइनर, ई० ए४ बीसी दिसले तर नुक्ता.

यूनिकोडच्या नियमांत पहिल्या दोन्ही प्रकारांना जागा आहे. ऱ हा आजचा मार्ग आणि जॉइनर हा २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला. तेव्हा यातला कोणताही टाइप करणारा चुकलेला नाही, त्याचा कीबोर्ड वेगळा होता इतकेच. आणि म्हणूनच ‘सगळी शून्य रुंदीची कॅरॅक्टर उडवून टाका’ हा इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला इथे घातक ठरतो. दुसऱ्या प्रकारातला जॉइनर उडवला की अर्धा र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि चऱ्होलीचे चर्होली होते. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, सगळ्यांची तीच गत. एका ठिकाणी असा सफाईचा प्रोग्राम रात्रीत चालवून सकाळी सभासदांच्या आडनावांवर रफार चढलेले मी पाहिले आहेत. कऱ्हाडे आडनावाच्या माणसाला ते समजावून सांगणे सोपे नसते.

यूनिकोडचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका ठरावीक रूपात आणणे) करून घेतले की झाले, असेही कोणी सुचवील. ते अर्धे खरे आहे. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे आणि त्याच्या एनएफसी प्रकाराने र अधिक नुक्ता यांचा ऱ होतो, म्हणजे तिसरा प्रकार पहिल्यात विलीन होतो. जॉइनरचा प्रकार मात्र नॉर्मलायझेशन हात न लावता तसाच ठेवते. ॲ या अक्षराचेही तसेच: ०९७२ क्रमांकाचे एकसंध ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेले, हे दोन्ही दिसायला एक, पण नॉर्मलायझेशनच्या लेखी कायम वेगळे. यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. माझा नियम असा आहे: आधी नॉर्मलाइझ करायचे, मग र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे, अ आणि चंद्र यांच्या जागी एकसंध ॲ ठेवायचे. एवढे झाल्यावर जो जॉइनर किंवा नॉन-जॉइनर हलन्ताच्या लगेच पुढे आहे त्याला हात लावायचा नाही, कारण तो बहुधा कोणीतरी जाणूनबुजून दिलेला असतो. हलन्ताविना कुठेही असलेला मात्र संशयित धरून तपासायचा. देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा, साधी स्पेस, संयोगरेषा आणि कंस यांखेरीज जे काही उरेल ते शिरगणतीत वर येईलच.

खरे तर गावाचे नाव ही प्रायमरी की असूच नये. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिलेला आहे, केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही गावांचे कोड आहेत. त्यातला एक घेऊन नाव हे केवळ दाखवण्यापुरते ठेवावे. बुद्रुक आणि खुर्द यांच्या भानगडीही त्याने सुटतात. पण चालू यंत्रणेत की बदलणे हे काही एका रविवारचे काम नव्हे, तोवर वरचा नियम वापरा.

दुरुस्तीबद्दल. सगळ्यांत आधी, साफ केल्यावर दोन की एकच होत नाहीत ना, हे पाहा. साफ केलेल्या रूपावर गट करून ज्या गटात एकाहून जास्त नोंदी आहेत ते मागवा. जुन्या टेबलात मागच्या स्पेस मोजल्या जात नसल्यामुळे केवळ मागच्या स्पेसचा फरक असलेल्या दोन की तिथे प्रायमरी की म्हणून राहूच शकत नव्हत्या. त्या नोंदींत स्थलांतरापूर्वीची टक्कर निघणार नाही. न तुटणाऱ्या स्पेसच्या आणि कॅरेज रिटर्नच्या नोंदींत मात्र निघू शकते, आणि पतसंस्थेत ती का निघते हे तुमच्या लक्षात येईलच: काउंटरवरच्या लिपिकाला खाते सापडले नाही, समोर सभासद उभा, म्हणून त्याने तोच क्रमांक घालून नवी नोंद उघडली, ती स्वच्छ क्रमांकाची असल्याने उघडलीही गेली. आता दोन्ही नोंदींवर व्यवहार आहेत. अशी जोडी निघाली तर ती एकत्र करण्याचा निर्णय संगणक विभागाने घेऊ नये. पासबुक, दोन्ही नोंदींचे उतारे आणि व्यवस्थापकांची लेखी संमती हाती आल्यावरच हात लावावा. व्याजाचा हिशेब त्यात गुंतलेला असतो.

टक्कर नसलेल्या नोंदींसाठी एक छोटे टेबल करा: जुनी की हेक्समध्ये, नवी की, तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव. पुढे लेखापरीक्षकाने विचारले तर हेच टेबल दाखवता येते. व्यवहारांच्या टेबलातली फॉरेन की (खात्यांच्या टेबलाकडे निर्देश करणारा कॉलम) बदलाबरोबर आपोआप बदलणारी, म्हणजे अपडेट कॅस्केड असलेली आहे का ते पाहा. नसेल तर दोन्ही टेबले एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलावी लागतील. आणि फॉरेन की मुळातच लावलेली नसेल, जे जुन्या यंत्रणांत नेहमीचे आहे, तर व्यवहारांच्या टेबलातल्या खाते क्रमांकांवरही वरच्या तिन्ही चाचण्या स्वतंत्रपणे चालवा. तिथला कचरा वेगळाच असू शकतो. अपडेट लिहिताना ती विचित्र की पडद्यावरून कॉपी करून क्वेरीत चिकटवू नका, कॉपी करताना नेमके तेच कॅरॅक्टर गळते किंवा बदलते. सीएचआर फंक्शनला १६० देऊन ती जोडून घ्या किंवा हेक्सच्या रूपावर जुळणी करा.

शेवटी दार बंद करायचे. पोस्टग्रेसमध्ये खाते क्रमांकावर चेक कन्स्ट्रेंट (नियम मोडणारी नोंद नाकारणारी अट) लावा, आणि जुना कचरा अजून शिल्लक असेल तर तो नॉट व्हॅलिड या शब्दांसह लावा. म्हणजे जुन्या नोंदींची तपासणी पुढे ढकलली जाते आणि नव्या नोंदींना मात्र नियम लगेच लागू होतो. एक गोष्ट ध्यानात असू द्या: जुन्या सदोष नोंदीत दुसरे काही, समजा पत्ता, बदलायला कोणी गेले तरी तो बदल नाकारला जाईल. काउंटरवर तक्रार येण्याआधी हे संबंधितांना सांगून ठेवा. सफाई पूर्ण झाली की व्हॅलिडेट चालवून नियम पक्का करा. (मायएसक्यूएलवरच राहिलेल्यांसाठी: तिथे चेक कन्स्ट्रेंट ८.०.१६ पासूनच खरोखर पाळले जाते, त्याआधी ते लिहिता येत असे आणि मुकाट्याने दुर्लक्षिले जात असे.)

११ नोंदींचे हेक्स काढल्यावर काही अडले तर ते इथे जरूर लिहा. मात्र सभासदांचे पूर्ण खाते क्रमांक देऊ नका. सहा अंकांच्या जोड्या झाकून पुढे-मागे जे जास्तीचे बाइट आहेत तेवढेच दिले तरी निदानाला पुरते.